लॉगिनला पाच मिनिटं लागतात? आधी स्टॉपवॉच काढा

महापेच्या एका छोट्या ऑफिसात हिशेब बघणाऱ्या ताई सकाळी पासवर्ड टाकून चहा आणायला जायच्या. चहा संपला तरी पडद्यावरचं चक्र फिरतंच. मालकांनी रॅम वाढवून पाहिली, पण चहाला वेळ तेवढाच मिळत राहिला. तिथे विंडोजची बारा मशिनं, डिझाइनवाल्यांचे दोन मॅक आणि एक उबुंटू (लिनक्स), सगळे एकाच अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीवर, म्हणजे सगळ्यांची नावं आणि पासवर्ड एकाच ठिकाणी ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीवर. अशा मिश्र ऑफिसात मी ज्या क्रमाने शोधतो, तो असा.

आधी मोजा. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून पासवर्डपासून डेस्कटॉपपर्यंतचे सेकंद वहीत लिहा. मग नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा आणि त्याच नावाने पुन्हा लॉगिन करा. त्या मशिनवर आधी लॉगिन झालेलं असेल तर विंडोज साठवलेल्या माहितीवर आत सोडतं. केबल काढल्यावर झटकन उघडलं, तर मशिन निर्दोष आहे, खोट नेटवर्कवर आहे. तिन्ही जातींची मशिनं रखडत असतील तर सर्व्हर किंवा डीएनएसकडे (नावावरून मशिनचा पत्ता सांगणारी सेवा) जा. फक्त मॅक रखडत असेल तर सर्व्हरला हात लावू नका.

मग डीएनएस. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात. डोमेनमधलं, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीला जोडलेलं मशिन लॉगिनच्या वेळी डीएनएसला विचारतं, ‘डोमेन कंट्रोलर (पासवर्ड तपासणारा सर्व्हर) कुठे आहे?’ हे उत्तर फक्त ऑफिसच्या आतल्या डीएनएसकडे असतं. पण इंटरनेटवाला राउटर बसवून जातो आणि ‘असू दे जादा’ म्हणून डीएनएसचा दुसरा पत्ता ८.८.८.८, म्हणजे गूगलचा, ठेवतो. आतल्या सर्व्हरने उत्तराला जरा उशीर केला की मशिन त्या बाहेरच्याला विचारतं. त्याला तुमच्या ऑफिसचं डोमेन माहीतच नसतं. तो ‘असं काही नाही’ म्हणतो आणि मशिन चाचपडत बसतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’ चालवून डीएनएसची ओळ वाचा. बाहेरचा पत्ता दिसला तर तो डीएचसीपीमधूनच (मशिनना पत्ते वाटणारी सेवा) काढा, एकेका मशिनवर नको. बाहेरची नावं शोधण्यासाठी तो पत्ता आतल्या डीएनएस सर्व्हरच्या फॉरवर्डरमध्ये (स्वतःला माहीत नसलेलं पुढे विचारायची जागा) घाला. ताईंचं चक्र यानेच थांबलं.

डोमेनच्या नावाचा शेवट ‘.लोकल’ असेल तर मॅक आणि लिनक्सवर वेगळीच गंमत होते. पूर्वी सर्व्हर बसवणारे हे नाव सर्रास ठेवत. पण तेच नाव अ‍ॅपलचं बॉनजूर आजूबाजूची उपकरणं शोधायला वापरतं. त्यामुळे ही मशिनं सर्व्हरला विचारायचं सोडून आधी खोलीभर हाका मारतात. उबुंटूवर ‘एनएसस्विच’ या, नावं कुठे आधी शोधायची ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये ‘होस्ट्स’च्या ओळीत डीएनएस आधी आणा. मॅकवर सर्च डोमेनमध्ये ते नाव घाला. नवं डोमेन करत असाल तर हे नाव घेऊच नका.

घड्याळही बघा. लॉगिनच्या वेळी ओळख पटवणारी कर्बेरॉस ही पद्धत सर्व्हर आणि मशिनच्या घड्याळांत सहसा ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेते. पुढे गेलं की कधी रखडतं, कधी सरळ नाकारतं. जुन्या मशिनची मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली, की वीज जाऊन आल्यावर तारीख भलतीच होते. ती किरकोळ पैशांत येते. सगळ्यांची वेळ डोमेन कंट्रोलरकडून घ्या.

मशिन चालू केल्यावर पहिला अर्धा मिनिट नेटवर्कच नसेल तर स्विच तपासा. जुन्या पद्धतीचं स्पॅनिंग ट्री (केबलींचा लूप होऊ न देणारी स्विचची सोय) पोर्ट उघडायला १५ अधिक १५, म्हणजे ३० सेकंद घेतं. मशिनच्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट न बघता पोर्ट लगेच उघडणारी सोय) चालू करा. स्विचला स्विच जोडलेल्या पोर्टवर मात्र चुकूनही नको, लूप झाला तर अख्खं ऑफिस बसेल.

हे सगळं ठीक असूनही ‘वेलकम’वर अडकत असेल, तर ग्रुप पॉलिसीत (सगळ्या विंडोज मशिनना एकाच जागेवरून नियम लावायची सोय) सविस्तर स्टेटस मेसेज दाखवण्याची सोय चालू करा. मशिन नेमकं कशापाशी थांबलंय ते पडद्यावरच दिसतं. बहुतेक वेळा जोडलेला ड्राइव्ह किंवा काढून टाकलेला प्रिंटर निघतो. वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात झेड ड्राइव्ह रोज सकाळी ज्या सर्व्हरला शोधायचा, तो दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेला होता.