पब्लिक पॉलिसीची डिग्री आणि लोनचा हप्ता: ॲडमिशन घ्यायच्या आधी एवढं गणित कराच

पब्लिक पॉलिसी (सरकारी धोरणांचा अभ्यास) म्हणजे काय, एन्ट्रन्स कुठल्या, हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही. मी फक्त पैशाचं बोलणार, कारण नाशिकमधून या लाइनला जाणाऱ्या पोरापोरींना हे धड सांगणारं कुणी भेटत नाही, आणि माझं लोन अजून फिटायचंय.

आधी मॉरेटोरियम, म्हणजे हप्ता सुरू होण्याआधीची मुदत, नीट समजून घ्या. बँकेत सांगतात की कोर्स संपून वर्ष होईपर्यंत काही भरायचं नाही. हप्ता नाही हे खरं, पण पहिला टप्पा कॉलेजच्या खात्यात गेला की व्याज चालू. समजा १० लाखांचं लोन, १० टक्के व्याज, दोन वर्षांचा कोर्स आणि दर सेमिस्टरला अडीच लाख. कोर्स अधिक एक वर्ष म्हणजे ३६ महिने. पहिल्या अडीच लाखांवर ३६ महिन्यांचं व्याज लागतं, दुसऱ्यावर ३०, मग २४, मग १८. सरळव्याजाने सगळं मिळून सव्वादोन लाख होतात, आणि ते मुद्दलात मिळवून मग हप्ता ठरतो. म्हणजे तुम्ही १० लाख घेतले तरी हप्ता सव्वाबारा लाखांवर बसतो, दहा वर्षांच्या मुदतीला साधारण १६,२०० रुपये. नुसत्या १० लाखांवर तो १३,२०० आला असता. महिन्याला तीन हजार जास्त, तेही दहा वर्षं! मला हे हप्त्याचा तक्ता हातात आल्यावर कळलं, त्याआधी बँकेत कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं.

म्हणून घरून जमत असेल तर शिकताना निदान व्याज तरी भरत राहा. पहिल्या सेमिस्टरला ते महिन्याला दोन हजारांच्या आसपास असतं, पुढे वाढत जातं. बऱ्याच बँका असं व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्का सूट देतात, पण ती मागावी लागते, आपणहून कुणी देत नाही.

दुसरं म्हणजे टायमिंग. या क्षेत्रात डिग्रीनंतर खूप जण फेलोशिप धरतात. आपल्याकडे २०१५ ला सुरू झालेली मुख्यमंत्री फेलोशिप आहे, दिल्लीत खासदारांसोबत काम करायची लॅम्प आहे. शिकायला फार मिळतं, मी कुणालाही नको म्हणणार नाही. पण अशी फेलोशिप साधारण वर्षभराची, आणि मॉरेटोरियमचं उरलेलं वर्षही तेवढंच, त्यामुळे स्टायपेंड थांबतो आणि हप्ता सुरू होतो तो जवळपास एकाच वेळी. पुढची नोकरी बहुतेकदा एखाद्या सरकारी खात्यातल्या पीएमयूमध्ये (प्रोजेक्ट चालवणाऱ्या टीममध्ये) कन्सल्टंट म्हणून, वर्षाच्या करारावर. प्रोजेक्ट संपला की परत शोधाशोध. त्यात काम मुंबई नाहीतर दिल्लीत, नाशिकमध्ये घरी राहून करण्यासारखं अगदी थोडं. भाडं, डबा, प्रवास काढा, मग हप्ता काढा आणि मागे काय उरतं ते कागदावर लिहा. माझा पहिला पगार हातात ४२ हजार यायचा, त्यातून हे सगळं भागवून महिनाअखेरीला घरी फोन करावा लागायचा.

कॉलेजच्या ब्रोशरमधलं सरासरी पॅकेज बघून अजिबात ठरवू नका. बॅचमध्ये चार वर्षं आयटीत काढलेले असतात, त्यांच्या पगाराने सरासरी वर जाते. मिडियन (सगळे पगार क्रमाने लावले तर बरोबर मधला) विचारा, आणि फ्रेशर्सचा वेगळा विचारा. पैसे घेऊन एसओपी (ॲडमिशनच्या अर्जासोबतचा निबंध) लिहून देणाऱ्या मेंटॉर मंडळींच्या नादी लागू नका, त्यापेक्षा पास होऊन दोन वर्षं झालेल्या एखाद्याला "हातात किती येतात?" एवढं विचारा, लोक खरं सांगतात.

आणि को-बॉरोअर, म्हणजे लोनवर तुमच्यासोबत सही करणारा. माझे वडील निफाडला द्राक्षं करतात, त्यांचीच सही आहे. हप्ता थकला की सिबिल त्यांचंही खराब होतं, आणि मग छाटणीच्या आधी त्यांना बागेसाठी कर्ज काढायचं झालं तर अडतं. हे सही घेताना त्यांना स्पष्ट सांगा.

एवढं वाचून घाबरू नका. सरकारी संस्थांची फी खाजगीच्या मानाने बरीच कमी असते, आयआयटी मुंबई, टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), बंगळुरूची नॅशनल लॉ स्कूल इथे आधी प्रयत्न करा. परदेशात स्कॉलरशिपशिवाय फक्त कर्जावर जाऊ नका, या पगारात ते फिटत नाही, हे माझं ठाम मत आहे. घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असेल तर पीएम विद्यालक्ष्मी योजना बघा, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालीय. यादीतल्या संस्थेत ॲडमिशन असेल तर १० लाखांपर्यंतच्या लोनवर मॉरेटोरियमच्या काळात व्याजात तीन टक्के सवलत मिळते. वरचं गणित यात घालून बघा, सव्वादोन लाखांतले साठ-सत्तर हजार इथेच कमी होतात.

नोकरी लागल्यावर टॅक्सची जुनी रेजीम घ्यायची की नवी हे ठरवताना एज्युकेशन लोनचं व्याज विसरू नका, भरलेल्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते पण फक्त जुन्या रेजीममध्ये. बँकेकडून दरवर्षी व्याजाचं सर्टिफिकेट मागून घ्या.