टीव्ही सारखा अडकतोय? प्लॅन वाढवण्याआधी या चुका टाळा

टीव्हीवर नेटवरचा सिनेमा थांबून लोडिंगचं गोल फिरायला लागलं की पहिला विचार येतो तो जास्त स्पीडचा प्लॅन घ्यायचा. बऱ्याचदा त्याची गरजच नसते. नेटफ्लिक्सची स्वतःची शिफारस बघा: ७२०पी एचडीसाठी ३ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, म्हणजे नेटचा वेग), १०८०पी फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५. म्हणजे ५० एमबीपीएसच्या कनेक्शनवर तीन टीव्हींवर एकाच वेळी फोर-के लावलं तरी हिशेब बसतो. गाडी अडते ती बहुतेकदा राउटर आणि टीव्ही यांच्यामधल्या पाच-दहा पावलांत.

टीव्ही नेमका कसा अडकतो, हे न बघणं

आधी चित्र धूसर झालं, मग गोल फिरू लागलं, तर डेटा कमी पडतोय. नेट मंदावलं की ॲप आधी चित्राचा दर्जा उतरवतं आणि तरीही भागलं नाही तरच थांबतं. पण चित्र लख्ख असताना जागच्या जागी गोठलं, आवाज मात्र चालूच आहे, रिमोटची बटणं दाबूनही काही हलत नाही, असं असेल तर नेटला दोष देऊ नका. तिथे टीव्ही किंवा ॲपच दमलेलं असतं. आणि त्रास एकाच ॲपमध्ये असेल, बाकी सगळी सुरळीत चालत असतील, तर राउटरला हात लावायचं कारण नाही. ते ॲप अपडेट करा, नाहीतर थोडा वेळ थांबा.

फोनवर स्पीड टेस्ट घेऊन निकाल देणं

राउटरशेजारी उभं राहून फोनवर आलेला आकडा हा फोनचा आकडा. टेस्ट टीव्हीवरच घ्या. टीव्हीत ब्राउझर असेल तर त्यात फास्ट डॉट कॉम उघडा. ही साइट नेटफ्लिक्सचीच आहे आणि त्यांच्याच सर्व्हरवरून वेग मोजते. ब्राउझर नसेल तर फोन टीव्हीच्या अगदी मागे धरून मोजा, अंदाज तरी येतो. एकदा मोजून थांबू नका. लागोपाठ ४०, ३८ आणि मग एकदम २ असे आकडे आले, तर तो २ आहे तुमचा चोर. सरासरी कितीही छान असली तरी अशा खड्ड्यातच टीव्ही अडकतो. थेट प्रक्षेपणात तर ॲपकडे पुढचा साठा अगदी थोडा असतो, म्हणून सिनेमा नीट चालतो आणि सामना मात्र अडखळतो.

स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटवून विसरणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात कमी ओळखली जाते. स्ट्रीमिंग स्टिक (साध्या टीव्हीवर नेटची ॲप चालवणारी छोटी कांडी) थेट एचडीएमआय पोर्टमध्ये खोचली की ती टीव्हीच्या धातूच्या पत्र्याआड जाते आणि वाय-फाय तिथे कसंबसं पोहोचतं. बऱ्याच स्टिकसोबत बोटभर लांबीची एचडीएमआय एक्स्टेंडर केबल येते. ती फालतू समजून खोक्यातच राहते. ती लावा, स्टिक पत्र्यापासून जरा बाहेर आणा. दुसरं, स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून देऊ नका. यूएसबी २.० पोर्टची ठरलेली मर्यादा ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट. ताण आला की ते पुरत नाही आणि स्टिक मधूनच गोठते किंवा आपोआप रीस्टार्ट होते. खोक्यातला ॲडॅप्टर भिंतीच्या प्लगलाच लावा.

२.४ गिगाहर्ट्झवरच अडून बसणं

वाय-फायच्या या बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यावर, शेजाऱ्यांची वाय-फाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह अशी सगळ्यांची गर्दी. एकमेकांवर न चढणारी चॅनेल इथे तीनच: १, ६ आणि ११. टीव्ही राउटरच्याच खोलीत किंवा एका भिंतीपलीकडे असेल तर ५ गिगाहर्ट्झवर जोडा. मध्ये दोन-तीन भिंती असतील तर तो बँड ढेपाळतो, तेव्हा राउटरपासून टीव्हीपर्यंत नेटची (लॅन) केबलच बरी. अनेक टीव्हींचा केबल पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, त्यामुळे टेस्टमध्ये वाय-फाय पुढे दिसलं तरी बिचकू नका. फोर-केला तेवढं भरपूर झालं, शिवाय केबलवरचा वेग डुलत नाही. राउटर कपाटात, जमिनीवर किंवा टीव्हीच्या मागे दडवलेला असेल तर आधी तो उघड्यावर आणा. वाय-फायचा सिग्नल पुढे नेणारा एक्स्टेंडर घेतलाच, तर सिग्नल मेलेल्या खोलीत नको. वाटेत मध्यावर, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे ठेवा.

रिमोटने बंद केला म्हणजे बंद झाला असं समजणं

तो फक्त झोपलेला असतो. कित्येक दिवसांचा कचरा मेमरीत तसाच पडून असतो. प्लग काढा, मिनिटभर थांबा, मग लावा. न वापरलेली ॲप काढून स्टोरेज मोकळं करा आणि अडणाऱ्या ॲपची कॅशे (साठवलेला तात्पुरता डेटा) साफ करा. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून बफरिंग, म्हणजे हे अडकणं, जातं म्हणतात; त्यात सहसा दम नसतो. व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारी सेवा) चालू असेल तर मात्र बंद करून बघाच.

आणखी एक, अपलोडकडे कोणी बघत नाही. घरातला एखादा फोन फोटो-व्हिडिओंचा बॅकअप चढवत असेल तर वरची वाट तुंबते आणि टीव्हीच्या विनंत्याही त्याच रांगेत खोळंबतात. बॅकअप रात्री उशिरावर टाका.

एवढं करूनही अडलं, तर लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून सकाळी आणि रात्री वेग मोजा, स्क्रीनशॉट ठेवा. केबलवरही रात्रीचा आकडा कोसळत असेल तर दोष कंपनीच्या बाजूने असण्याची शक्यता मोठी. ते स्क्रीनशॉट हाताशी ठेवूनच तक्रार करा, नाहीतर फोनवर पहिलं उत्तर ठरलेलं: राउटर बंद करून चालू करा.