देश व्याजावर जगतोय की मुद्दल खातोय, हे घरबसल्या कसं मोजायचं

जीडीपी वाढला की आपण खूश होतो, पण खाणीतून माल काढून विकला की तो सगळा कमाईत धरतात आणि जमिनीखालचा साठा तेवढा कमी झाला हे त्यात कुठेच वजा होत नाही. नाउरूचं बघा, जेमतेम 21 चौरस किलोमीटरचं बेट, 1968 ला स्वतंत्र झालं, खतासाठी लागणारं फॉस्फेट हे खनिज विकून सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्नात जगात वरच्या नंबरात होतं. मग फॉस्फेट संपत आलं, साठवलेला पैसाही बराचसा उडाला, आता बेटाच्या मधल्या भागात नुसते खडकांचे सुळके उरलेत.

म्हणून बचतीपासून सुरुवात करा. वर्ल्ड बँकेच्या डेटात 'अ‍ॅडजस्टेड नेट सेव्हिंग्ज', म्हणजे झीज आणि नुकसान वजा करून उरणारी देशाची बचत, शोधा, त्याचे सगळे तुकडे राष्ट्रीय उत्पन्नाच्या टक्क्यांत मिळतात. समजा एकूण बचत 30. यंत्रं, रस्ते, इमारती यांचा घसारा 11 वजा करा, राहिले 19. शिक्षणावरचा खर्च 4 मिळवा, कारण पोरं शिकली तर ती गुंतवणूकच आहे, झाले 23. आता तेल, कोळसा, खनिजं आणि वाढीपेक्षा जास्त तोडलेलं जंगल यांचे 2, कार्बन आणि हवेतल्या बारीक कणांच्या नुकसानीचे 4, हे दोन्ही वजा करा, उरले 17. हा आकडा वर्षानुवर्षं शून्याखाली असेल तर देश मुद्दल खातोय, सरळ गोष्ट आहे.

एकाच वर्षावरून ठरवू नका, तेलाचा भाव हलला की आकडा पण हलतो, निदान पंधरा-वीस वर्षं बघा. लोकसंख्या वाढत असेल तर नुसतं शून्याच्या वर असून भागत नाही, माणशी संपत्ती वाढतेय का तेही बघावं लागतं.

खनिजाचा पैसा कुठे जातो हे पण तपासा. गोव्याच्या लोहखनिजाबाबत सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये विक्रीच्या किमतीतले 10 टक्के कायमस्वरूपी फंडात टाकायला सांगितलं, पुढच्या पिढीचा वाटा म्हणून. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो.

पण या हिशेबात भूजल येतच नाही! माझ्या मामाच्या बोअरला आधी दोनशे फुटांवर पाणी होतं, आता सातशेवर पण भरवसा नाही, आणि त्याच पाण्यावरचा ऊस मात्र जीडीपीत पूर्ण मोजला जातो. त्यामुळे सेंट्रल ग्राउंड वॉटर बोर्डाचा अहवाल उघडा, उपसा आणि दरवर्षी उपशासाठी मिळणारं पाणी यांचं प्रमाण बघा, 100 टक्क्यांच्या वर गेलेले तालुके वरच्या बचतीच्या आकड्याच्या, म्हणजे 17 च्या, शेजारी वेगळ्या रकान्यात लिहा.