एडिनबरा फ्रिंजला पहिल्यांदा जाताना

स्कॉटलंडमध्ये नवीन असाल तर जुलै संपता संपता ऑफिसात विचारणा सुरू होईल, यंदा फ्रिंजला काय बघणार? फ्रिंज म्हणजे एडिनबरात दर ऑगस्टमध्ये भरणारा नाटक, स्टँडअप, सर्कस, संगीत अशा प्रयोगांचा महोत्सव. तिकिटं काढायच्या आधी एक गोष्ट लक्षात घ्या. फ्रिंजला निवड समिती नाही. १९४७ साली एडिनबराच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना येऊन थडकल्या, तेव्हापासून हीच रीत आहे. ज्याला जागा मिळते आणि खर्च झेपतो, तो प्रयोग लावतो. आपल्या एकांकिका स्पर्धांसारखी प्राथमिक फेरी इथे नसते. त्यामुळे तीन हजारांहून जास्त कार्यक्रमांत उत्तम आणि टुकार शेजारीशेजारी असतात. पोस्टरवर परीक्षणातल्या चार-पाच चांदण्या चिकटवलेल्या दिसल्या, तर त्या कोणी दिल्यात ते खालच्या बारीक अक्षरांत वाचा.

दिवसाला तीन कार्यक्रम पुष्कळ झाले, आणि त्यातले दोनच आधी बुक करा. बहुतेक प्रयोग ५० ते ६० मिनिटांचे असतात, म्हणून नवखा माणूस एकाला लागून दुसरा काढतो आणि दुसरा हमखास बुडतो. प्रयोग पाच-दहा मिनिटं उशिरा सुटतो, पुढच्या दारापाशी रांग असते, आणि उशिरा येणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी आत सोडतच नाहीत. पैसेही परत मिळत नाहीत. प्लेझन्स कोर्टयार्ड ते जॉर्ज स्क्वेअर, म्हणजे प्रयोगांच्या एका मोठ्या ठिकाणाहून दुसऱ्याकडे, गर्दीतून पंधरा मिनिटं धरा. न्यू टाउनमधल्या जॉर्ज स्ट्रीटला जायचं असेल तर अर्धा तास. दोन कार्यक्रमांत किमान पाऊण तास मोकळा हवा.

खरी गंमत शहराच्या उंचसखलपणात आहे. नकाशात जॉर्ज फोर्थ ब्रिज आणि काउगेट एकमेकांना छेदताना दिसतात. प्रत्यक्षात काउगेट पुलाच्या खालून जातो. फोन म्हणतो ‘पोहोचलात’, आणि तुम्ही पुलावर उभे, रस्ता मात्र कित्येक मजले खाली! अशा वेळी कँडलमेकर रोने उतरून ग्रासमार्केटच्या टोकाला या आणि तिथून काउगेटमध्ये शिरा. म्हणून पत्ता बघताना रस्त्याचं नाव वाचा, नुसत्या निळ्या टिंबावर विसंबू नका. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले असतील, तर प्रत्येक कार्यक्रमाच्या पानावर पायऱ्या आणि लिफ्टची माहिती आधी बघा. जुन्या इमारतींत कित्येक ठिकाणी लिफ्ट नाही, आणि जुन्या शहरातल्या मुख्य रस्त्याचे, रॉयल माइलचे, दगड चपलांसाठी नाहीत.

पैशांचं म्हणाल तर सुरुवातीचे दोन-तीन दिवस प्रीव्ह्यू, म्हणजे रंगीत तालमीसारखे आधीचे प्रयोग, असतात आणि तिकिटं स्वस्त. पहिल्या सोमवारी-मंगळवारी बऱ्याच कार्यक्रमांना एकावर एक तिकीट मिळतं. शनिवारी संध्याकाळ सगळ्यात महाग. ‘फ्री फ्रिंज’चे प्रयोग पबच्या वरच्या खोलीत किंवा तळघरात होतात. आत जायला पैसे नाहीत, पण शेवटी कलाकार दाराशी बादली घेऊन उभा राहतो. आवडलं तर माणशी पाच ते दहा पाउंड टाका. कार्डाचं यंत्रही बहुधा असतं. खाली मान घालून सटकणं बरं दिसत नाही.

इंग्रजी उत्तम असलं तरी स्टँडअपमधले इथल्या राजकारणाचे आणि टीव्हीचे संदर्भ पहिल्या वर्षी डोक्यावरून जातात, त्यात ग्लासगोचा हेल. सुरुवात सर्कस, मूकाभिनय किंवा संगीतापासून केलेली बरी. पहिल्या रांगेत बसलात तर तुमची फिरकी घेतली जाणार हे गृहीत धरा. नको असेल तर मधल्या रांगेत, कडेची खुर्ची सोडून बसा. मुलांना न्यायचं असेल तर वयाची अट नीट वाचा. शिवाय स्कॉटलंडच्या शाळा ऑगस्टच्या मध्यातच उघडतात, इंग्लंडसारख्या सप्टेंबरात नाही. म्हणजे मुलांसाठी पहिला दीड आठवडाच हाताशी असतो.

बाहेर पंधरा-सतरा अंश आणि कधीही भुरभुर, तर तळघरातल्या खोलीत घामाच्या धारा. म्हणून वर टोपीवालं जॅकेट, आत पातळ सुती कपडा. छत्री वाऱ्यात उलटते आणि रांगेत मागच्याच्या डोळ्यात जाते. डबा घरून आणलात तर मेडोजच्या हिरवळीवर बसून खा, जॉर्ज स्क्वेअरच्या मागेच आहे.

लोदियन बसमध्ये, म्हणजे शहरातल्या बसमध्ये, रोख दिलीत तर सुटे परत मिळत नाहीत. कार्ड टेकवायचं, आणि दिवसभर तेच कार्ड, तरच भाड्याची कमाल मर्यादा लागू होते. फोन आणि प्लास्टिकचं कार्ड आलटून पालटून वापरलंत तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी कार्डं. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या २२ वर्षांखालच्या मुलांना बस फुकट आहे, पण त्यासाठीचं कार्ड आधी काढावं लागतं. ते जुलैतच मागवा. ग्लासगोला परतायचं असेल तर शेवटची गाडी बघून मगच रात्रीचा कार्यक्रम निवडा. साडेदहाला सुरू होणारा प्रयोग संपवून वेव्हर्ली स्टेशन गाठताना दमछाक होते, आणि गाडी चुकली तर ऑगस्टात परवडणारी खोली मिळणं जवळपास अशक्य.