दोन बुटीक ट्यूब ॲम्प्लिफायरच्या टोनची तुलना कशी करावी

छोट्या कार्यशाळांत हाताने जुळवलेले, मोजक्या संख्येने बनणारे गिटारचे ट्यूब (निर्वात नळ्यांवर चालणारे) ॲम्प्लिफायर महाग असतात, आणि गोव्यात असे दोन एकाच खोलीत ऐकण्याची संधी क्वचितच मिळते. ती मिळालीच, तर तुलना पद्धतशीर करावी.

प्रथम दोघांचे घराणे, म्हणजे त्यांचे सर्किट कोणत्या जुन्या ॲम्प्लिफायरवरून घेतले आहे, ते ओळखावे. मार्शलचा पहिला ॲम्प्लिफायर फेंडर बासमनच्या सर्किटवर बेतलेला होता. मॅचलेस डीसी-३० हा व्हॉक्स एसी-३० च्या वळणाचा आहे. बासमनच्या घराण्यात निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून मागे देणे) असल्याने स्वर घट्ट राहतो आणि आवाज फाटतो तो एकदम. एसी-३० मध्ये ईएल८४ जातीच्या चार पॉवर ट्यूब असतात, असा फीडबॅक नसतो, म्हणून आवाज हळूहळू फाटत जातो. अशा दोघांत श्रेष्ठ कोण हे विचारू नये, कोणत्या कामाला कोण हे विचारावे.

अमेरिकेतून आणलेला ॲम्प्लिफायर १२० व्होल्टचा असू शकतो, म्हणून मागची पट्टी वाचून गरज असल्यास विजेचा दाब उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावावा. पावसाळ्यात विजेचा दाब खालीवर होतो आणि दाब उतरला की ट्यूबचा स्वरही मऊ पडतो. म्हणून दोन्ही ॲम्प्लिफायर वाजवताना विजेच्या दाबाचे मल्टिमीटरवरील आकडे टिपून ठेवावेत.

त्यानंतर दोन्ही ॲम्प्लिफायर एकाच स्पीकर कॅबिनेटवर वाजवावेत, कारण एकात ग्रीनबॅक आणि दुसऱ्यात ॲल्निको ब्लू अशा वेगळ्या जातींचे स्पीकर असतील, तर आपण बहुतांशी स्पीकरचीच तुलना करीत असतो. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यावरील ओहमचा आकडा जुळवावा. केबल बदलण्यापूर्वी ॲम्प्लिफायर बंद करावा आणि स्पीकर जोडल्याशिवाय तो कधीही चालू करू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ट्यूब तापायला वीस मिनिटे द्यावीत.

आता खरा कळीचा भाग. दोघांचा आवाज समान पातळीवर आणल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अतितार स्वर कमी ऐकू येतात, त्यामुळे दोन-तीन डेसिबलने मोठा असलेला ॲम्प्लिफायर अधिक भरदार आणि अधिक स्वच्छ भासतो. मी स्वतः एका संध्याकाळी एका ॲम्प्लिफायरची मनापासून स्तुती केली होती. नंतर मोबाइलवरील डेसिबल मापकाने पाहिले, तेव्हा तो तीन डेसिबलने मोठा निघाला. आवाज जुळवल्यावर माझी पसंती बदलली. मापक दोन्ही वेळा एकाच खुर्चीवर ठेवावा, कारण चिऱ्यांच्या भिंती आणि उघड्या लाद्यांच्या खोलीत हातभर सरकले तरी आकडा बदलतो. जमिनीवर जाड चटई अंथरली तर प्रतिध्वनी कमी होतो.

मग लूपर पेडलमध्ये (वाजवलेले साठवून पुन्हापुन्हा ऐकवणाऱ्या पेडलमध्ये) एकच तुकडा भरावा: मोकळ्या तारांचा ‘ई’ कॉर्ड, मग वरच्या पट्टीतील एक लांब, ओढलेला स्वर. तोच तुकडा दोघांतून ऐकावा. मित्राने न सांगता अदलाबदल करावी आणि आपण पाठ फिरवून कागदावर फक्त ‘पहिला’, ‘दुसरा’ लिहावे. सात-आठ फेऱ्यांत तेच उत्तर आले तरच फरक मानावा.

मात्र लूपर बोटांचा प्रतिसाद दाखवीत नाही, आणि माझ्या मते ट्यूबचे खरे मोल तिथेच आहे. म्हणून शेवटी स्वतः वाजवावे: ॲम्प्लिफायर फाटण्याच्या उंबरठ्यावर ठेवून गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणावा आणि हलक्या आघाताला आवाज किती स्वच्छ होतो, ते ऐकावे. एवढ्या आवाजासाठी दुपार निवडावी; रात्री दहानंतर हे करता येणार नाही.