लग्नपत्रिकेच्या पाठीवर समाजशास्त्र

बारावीच्या समाजशास्त्रात ‘संकल्पना उदाहरणासह स्पष्ट करा’ आलं की व्याख्या कशीबशी आठवते, उदाहरण सुचत नाही. साताऱ्याला एस.टी.नं ये-जा करणाऱ्या पुतणीला हे करायला लावलं:

१. घरात पडलेल्या जुन्या लग्नपत्रिका कापून पत्त्यांएवढे तुकडे करा. एका तुकड्यावर एकच संकल्पना.

२. खाली स्वतःच्या शब्दांत एका ओळीची व्याख्या.

३. त्याखाली आपल्याच गावातलं उदाहरण. प्राथमिक गट म्हणजे घरची माणसं, पारावरची दोस्तमंडळी. दुय्यम गट म्हणजे विकास सोसायटीचे सभासद. मुलगी म्हणून जन्मली हा अर्पित दर्जा, निवडून येऊन सरपंच झाली हा अर्जित. ऊसतोड मजुराचा मुलगा तलाठी झाला, ही ऊर्ध्वगामी गतिशीलता. सामाजिक चळवळीला तर लांब जायलाच नको: महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला १८७३ मध्ये, आणि त्याच विचारांच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये, कराडजवळच्या काले गावात. साल लिहिलं की उत्तराला वजन येतं.

४. गठ्ठ्याला रबरबँड लावून दप्तरात टाका. एस.टी.त उदाहरण वाचून संकल्पना ओळखायची, उलटं नाही. (खिडकीची जागा मिळाली तर! एरवी दांडा धरून पाचसहा पत्ते होतात.)

फक्त पेपरात पाठ्यपुस्तकातली संज्ञा जशीच्या तशी लिहा, गावचं उदाहरण तिच्यानंतर. आणि उदाहरणात शेजारच्या काकूंचं नाव घालू नका. पुतणीनं घातलं होतं.