नाकावाटे मेंदूपर्यंत: स्ट्रोकसाठी मेंदूरक्षक औषधाचा प्रयोग कसा आखावा

हे मार्गदर्शन प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी आहे. स्ट्रोकसाठी नाकावाटे द्यायचे कोणतेही मेंदूरक्षक औषध अद्याप मान्यताप्राप्त नाही. त्यामुळे एखाद्याचे तोंड वाकडे झाले, हातातली शक्ती गेली किंवा बोलणे अडखळू लागले, तर नाकात काहीही न घालता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे, कारण गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या ४.५ तासांतच देता येते.

मेंदूची रक्तवाहिनी बंद झाली की मधल्या गाभ्यातील पेशी काही मिनिटांतच मरू लागतात, पण भोवतीचा भाग, ज्याला पेनम्ब्रा म्हणतात, अपुऱ्या रक्तावर काही तास तग धरतो. मेंदूरक्षक औषध याच भागासाठी असते. मात्र शिरेतून दिलेली मोठ्या रेणूंची बहुतेक औषधे रक्त-मेंदू अडथळा, म्हणजे रक्तातले पदार्थ मेंदूत शिरू न देणारी सीमा, ओलांडू शकत नाहीत. नाकाच्या छताशी असलेल्या गंधपटलापासून (वास ओळखणाऱ्या अस्तरापासून) गंधचेतेच्या आणि नाकाच्या अस्तरात पसरलेल्या ट्रायजेमिनल चेतेच्या (चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूच्या) कडेने औषध मेंदूत नेता येईल, ही कल्पना संशोधक विल्यम फ्रे यांनी १९८९ मध्ये मांडली. पुढे आयजीएफ-१ हे पेशींच्या वाढीला चालना देणारे प्रथिन अशा रीतीने दिल्यावर उंदरांच्या मेंदूतील मृत भाग घटल्याचे दिसून आले.

प्रयोग आखताना पहिला प्रश्न ‘मृत भाग किती घटला’ हा नसून ‘औषध नेमके कोणत्या वाटेने पोहोचले’ हा असावा. नाकाचे अस्तर रक्तवाहिन्यांनी भरलेले असल्यामुळे तिथे ठेवलेले औषध रक्तातही शिरते. म्हणून नाकावाटे औषध मिळालेला गट आणि नाकावाटे केवळ द्रावक (औषधाविना नुसता द्रव) मिळालेला गट यांच्या जोडीला तीच मात्रा शिरेतून मिळालेला तिसरा गट ठेवावाच. माझ्या मते हा गट नसलेल्या प्रयोगातून ‘थेट मार्ग’ सिद्ध होत नाही. ऊतींचे नमुने घेण्यापूर्वी रक्तवाहिन्या सलाइनने धुवून काढाव्यात, अन्यथा मेंदूतल्या रक्तातील औषधच मेंदूत पोहोचलेले औषध म्हणून मोजले जाते. गंधकंदात (मेंदूच्या पुढच्या टोकाशी असलेल्या, वासाच्या भागात) मोठे प्रमाण आढळले एवढ्यावर समाधान मानू नये. प्राण्यात स्ट्रोक घडवण्यासाठी मधली मस्तिष्क-धमनी (मेंदूची एक मुख्य रक्तवाहिनी) बंद केल्यावर इजा होते ती कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) आणि स्ट्रायटम (आतला खोल भाग) यांना, तेव्हा मोजमाप तिथलेच हवे.

द्रावण समपरासारी (शरीरातील द्रवांइतक्याच क्षारतेचे) आणि किंचित आम्लधर्मी ठेवावे. भूल दिलेल्या उंदराला उताणे ठेवून ५ ते १० मायक्रोलिटरचे थेंब, मध्ये एक-दोन मिनिटे जाऊ देत, आळीपाळीने दोन्ही नाकपुड्यांत सोडावेत. उंदीर नाकानेच श्वास घेतो. घाई केल्यास त्याचा श्वास कोंडतो आणि त्याने होणारी इजा निष्कर्षात मिसळते. शरीराचे तापमान सतत मोजून स्थिर राखणे तितकेच आवश्यक आहे, कारण तापमान उतरल्यानेही मेंदू काही प्रमाणात वाचतो आणि त्याचे श्रेय औषधाला दिले जाते.

औषध धमनी बंद केल्यानंतरच, आणि एकापेक्षा अधिक वेळांना द्यावे. आधी दिलेल्या औषधाचा लाभ रुग्णाच्या बाबतीत फारसे काही सांगत नाही. गटवाटप यादृच्छिक असावे, मोजणाऱ्याला गट माहीत नसावा, आणि वृद्ध तसेच उच्च रक्तदाबाचे प्राणीही घ्यावेत. स्ट्रोकच्या औषधांची प्राण्यांवरील चाचणी कशी करावी हे सांगणाऱ्या १९९९ च्या स्टेअर (STAIR) शिफारशी यासाठी मुळातून वाचाव्यात. मात्र त्यांनाही मर्यादा आहेत: प्राण्यांत आशा दाखवणाऱ्या एनएक्सवाय-०५९ या औषधाचा, शिरेतून दिले असता, ३,००० हून अधिक रुग्णांच्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत लाभ दिसला नाही.

माणसाकडे वळताना नाकाची रचनाच बदलते. उंदराच्या नाकाचा जवळपास अर्धा पृष्ठभाग गंधपटलाने व्यापलेला असतो, तर माणसात हा वाटा दहा टक्क्यांहून कमी असून तोही अगदी वर, अरुंद फटीत असतो. साध्या फवाऱ्याचे बहुतांश औषध खालीच अडते आणि सुमारे १५ ते २० मिनिटांत अस्तरावरील सूक्ष्म केस त्यातील बरेचसे घशाकडे ढकलतात. अल्झायमरसाठी नाकावाटे इन्शुलिन देण्याच्या एका मोठ्या चाचणीत तर पहिले उपकरण भरवशाचे न ठरल्याने मध्येच बदलावे लागले होते. म्हणून उपकरणाची परीक्षा औषधाच्या आधी, नाकाच्या साच्यात रंगीत द्रावण फवारून करावी. एका नाकपुडीत एका वेळी साधारण १०० ते १५० मायक्रोलिटरपेक्षा अधिक द्रव टिकत नाही. स्ट्रोकच्या अनेक रुग्णांची गिळण्याची क्रिया बिघडलेली असल्यामुळे घशात उतरलेला हाच द्रव श्वासनलिकेत जाऊ शकतो, तेव्हा मात्रा वाढवायची असेल तर द्रावणाची तीव्रता वाढवावी, आकारमान नव्हे.